कुपीतले १० मायक्रोग्रॅम

प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा फ्रीझर उघडला, की लहान लहान कुप्या भरलेले खोके हमखास दिसते. त्यातल्या एखाद्या कुपीवर लेबल असते: रिकॉम्बिनंट ह्यूमन आयएल-२, १० मायक्रोग्रॅम, फक्त संशोधनासाठी. कुपी उजेडात धरली तरी आत काही दिसत नाही. वाळवलेल्या प्रथिनाचा इतका पातळ थर तळाशी किंवा भिंतीला चिकटलेला असतो, की नवखा विद्यार्थी कुपी रिकामी आली म्हणून तक्रार करायला निघतो. म्हणून शिकवतानाच सांगतात: झाकण उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाला चिकटलेला माल झाकणाबरोबरच जायचा.

आयएल-२ म्हणजे इंटरल्यूकिन-२. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशींना शत्रूची ओळख पटली, की त्या हे प्रथिन बाहेर सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून स्वतः वाढतात, शेजारच्या टी-पेशींनाही वाढवतात. १३३ अमिनो आम्लांची साखळी, वजन सुमारे १५,५०० डाल्टन. हिमोग्लोबिनच्या रेणूच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढे. पण या चिमुकल्या प्रथिनाने गेल्या पन्नास वर्षांत प्रतिकारशास्त्राला जेवढे कामाला लावले, तेवढे फार थोड्या रेणूंनी लावले असेल.

सुरुवात राजम्यापासून होते. अर्धाकच्चा राजमा खाल्ला की पोट बिघडते, ते त्यातल्या फायटोहिमॅग्लुटिनिन या प्रथिनामुळे. पीटर नॉवेल हे अमेरिकन शास्त्रज्ञ रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी हेच प्रथिन वापरत होते. १९६० साली त्यांनी दाखवून दिले, की त्याच्या संपर्कात आलेल्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टी-पेशी त्यातच मोडतात) विभाजन पावू लागतात. या पेशींची वाढ कायमची संपलेली असते, अशी तोवरची समजूत होती. तरीही बाहेर काढलेल्या टी-पेशी थोडे दिवस वाढायच्या आणि मरायच्या. त्यांना महिनोन्‌महिने जिवंत ठेवणे कोणालाच जमत नव्हते.

ते १९७६ साली जमले, आणि तेही दुसरेच काही शोधताना. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत डोरिस मॉर्गन आणि फ्रान्सिस रसेटी अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवू पाहत होते. राजम्याच्या प्रथिनाने चेतवलेल्या लिम्फोसाइट ज्या द्रवात वाढल्या होत्या, तोच द्रव गाळून ते या पेशींना देत होते. भांड्यात वाढल्या मात्र टी-पेशी, आणि त्या वाढतच राहिल्या. त्या द्रवात टी-पेशींना जगवणारे काहीतरी होते. आधी त्याला टी-पेशी वाढ घटक म्हणत. इंटरल्यूकिन-२ हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरले.

या शोधाचे मोल किती होते, हे सात वर्षांनी कळले. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीचा तुकडा आला. त्यातल्या टी-पेशी आयएल-२ घालून वाढवल्या गेल्या आणि फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी ठरावीक दिवसांनी त्या द्रवात विषाणूच्या एका विकराची खूण तपासत राहिल्या. खूण मिळाली, पण पेशी मरू लागल्या. विषाणू हातचा जाऊ नये म्हणून रक्तदात्याच्या ताज्या लिम्फोसाइट त्यात मिसळल्या, आणि तो त्यांच्यात पुन्हा वाढला. हाच एचआयव्ही. टी-पेशी भांड्यात जगवण्याची युक्ती तेव्हा हाताशी नसती, तर टी-पेशींनाच मारणारा विषाणू इतक्या लवकर सापडणे कठीण होते, असे मला ठामपणे वाटते.

तोवर आयएल-२ मिळवायचे ते पेशींच्या द्रवातूनच. लिटरच्या लिटर द्रव गाळायचा, शुद्ध करत जायचे आणि हाती लागायचा कणभर माल. त्यातही इतर इंटरल्यूकिन मिसळलेली असण्याची शंका कायम. मग पेशींवर दिसलेला परिणाम नक्की कोणाचा? हे कोडे सुटायचे तर प्रथिनाचे जनुक हाती लागायला हवे होते. ते १९८३ मध्ये टोकियोत तादात्सुगु तानिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवले. त्यासाठी त्यांनी जुर्काट नावाच्या पेशी वापरल्या. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलाच्या रक्तातून १९७० च्या दशकात वेगळ्या काढलेल्या या पेशी चेतवल्या, की भरपूर आयएल-२ सोडतात.

जनुक हाती आले, की ते इ. कोलाय या जिवाणूत घालायचे आणि जिवाणूकडून मानवी प्रथिन बनवून घ्यायचे. इन्सुलिनच्या बाबतीत हे आधीच साधले होते. लेबलवरच्या ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ या दोन शब्दांत एवढे सगळे येते: जनुक माणसाचे, कारखाना जिवाणूचा. त्यात माणसाच्या रक्ताचा थेंबही नसतो.

जिवाणू प्रथिन बनवतो खरे, पण नीट घडी घालून देत नाही. पेशीत एकदम इतके परके प्रथिन तयार झाले, की साखळ्या गुंतलेल्या सुतासारख्या एकमेकींत अडकतात आणि त्यांचे न विरघळणारे गोळे होतात. ते गोळे धुवायचे, तीव्र रसायनात विरघळवून साखळ्या सुट्या करायच्या आणि मग ते रसायन हळूहळू कमी करत प्रत्येक साखळीला तिच्या मूळ आकारात येऊ द्यायचे. आयएल-२ मध्ये सिस्टीन नावाची तीन अमिनो आम्ले आहेत. ५८ व्या आणि १०५ व्या जागेवरच्या दोघांनी एकमेकांशी बंध जोडायचा असतो. १२५ व्या जागेवरचे तिसरे सुटेच राहायला हवे. पण सुटे सिस्टीन गप्प बसत नाही. ते चुकीच्या जोडीदाराशी बंध जोडते, आणि प्रथिन वजनाला तेवढेच भरले तरी कामाला निरुपयोगी होते. कॅलिफोर्नियातल्या सेटस कंपनीने (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्राचा शोध जिथे लागला ती हीच) १९८४ मध्ये उपाय काढला: जनुकात बदल करून १२५ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन बसवले. एक अमिनो आम्ल बदलले आणि प्रथिन टिकाऊ झाले, काम मात्र पूर्वीचेच. पुढे औषध झाले ते हेच रूप. संशोधनासाठी मिळणाऱ्या कुप्यांत मूळ साखळीही असते आणि बदललेलीही. आपल्या कुपीत कोणती आहे, हे सोबतच्या कागदावर वाचूनच प्रयोगाला हात घालावा.

जिवाणूकडून येणारा दुसरा उपद्रव अधिक फसवा आहे. इ. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एन्डोटॉक्सिन असते. आपल्या प्रतिकारपेशी त्याचा लेशही ओळखतात आणि लगेच दाहाचे रेणू सोडू लागतात. उकळूनही ते सहजासहजी नष्ट होत नाही. शुद्धीकरणात ते राहून गेले, तर पेशी चेतल्या त्या आपल्या प्रथिनाने की जिवाणूच्या अवशेषाने, हे कसे सांगणार? ही भीती कागदावरची नाही. हीट शॉक प्रथिने (उष्णतेसारखा ताण आला, की पेशी बनवतात ती) प्रतिकारपेशींना थेट चेतवतात, असे दाखवणारे बरेच शोधनिबंध एके काळी प्रसिद्ध झाले होते. ज्या रिकॉम्बिनंट प्रथिनावर त्यातले काही उभे होते, त्यात एन्डोटॉक्सिन मिसळलेले होते आणि दिसलेला परिणाम त्याचाच होता, हे २००३ मध्ये दाखवण्यात आले. म्हणूनच चांगल्या कुपीबरोबर एन्डोटॉक्सिनचा आकडा छापून येतो. एका मायक्रोग्रॅममागे १ युनिटपेक्षा कमी, ही नेहमीची अट. तो मोजण्याची जुनी आणि अजूनही चालू असलेली पद्धत हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या निळ्या रक्तावर अवलंबून आहे. एन्डोटॉक्सिन लागताच त्या रक्ताचा अर्क गोठतो. आता या चाचणीतला मुख्य घटकही रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवता येतो. तो वापरावा, त्या जिवांना त्रास देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कुपीवरच्या १० मायक्रोग्रॅमकडे पाहू. आयएल-२ च्या बाबतीत वजन फारसे काही सांगत नाही. निम्मे रेणू चुकीची घडी घेऊन बसले असतील, तरी तराजूला ते कळणार नाही. ते पेशीलाच विचारावे लागते. त्यासाठी १९७८ पासून सीटीएलएल-२ नावाच्या उंदराच्या टी-पेशी वापरतात. या पेशी आयएल-२ शिवाय जगत नाहीत, आणि माणसाचे आयएल-२ त्यांना चालते. (उलटे तितकेसे चालत नाही, उंदराचे आयएल-२ मानवी पेशींवर फारच कमी काम करते.) पेशी आधी दोन-तीनदा धुवायच्या, म्हणजे आधीचे आयएल-२ निघून जाईल. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या सारख्या संख्येने वाटायच्या. पहिल्या खळग्यात नमुना, दुसऱ्यात त्याच्या निम्मा, तिसऱ्यात त्याच्याही निम्मा, असे उतरत जायचे. प्लेट ३७ अंशांवर ठेवून नंतर रंग घालायचा. जिवंत पेशी रंग बदलतात, मेलेल्या बदलत नाहीत. एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला फिके आणि मध्ये उतार. तो उतार आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुन्याशेजारी ठेवला, की आपल्या कुपीत किती आंतरराष्ट्रीय युनिट आहेत ते निघते.

सेटसच्या औषधरूपात १.१ मिलिग्रॅम म्हणजे १ कोटी ८० लाख युनिट. त्या हिशेबाने १० मायक्रोग्रॅममध्ये सुमारे १ लाख ६४ हजार युनिट येतात. टी-पेशी वाढवण्यासाठी एका मिलिलिटरला १०० युनिट वापरले, तर ही न दिसणारी कुपी दीड लिटरहून अधिक द्रवाला पुरते. पण कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या टी-पेशी वाढवताना मिलिलिटरला ६,००० युनिट लागतात. तिथे हीच कुपी २७ मिलिलिटरात संपते. दुसऱ्याच्या शोधनिबंधातली मात्रा नॅनोग्रॅममध्ये दिलेली असेल आणि आपल्या कुपीचा जोर वेगळा असेल, तर तोच प्रयोग दोन गावांत दोन उत्तरे देतो. जोर हातात आल्यावरही घटतो. कुपी वारंवार वितळवून गोठवली, नुसत्या पाण्यात फार पातळ करून ठेवली, की प्रथिन प्लॅस्टिकला चिकटते, गोळा होते. म्हणून थोडे अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) घालून एकेका वापरापुरते वाटे करून ठेवतात.

मात्रेचा हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर किती गंभीर होतो, ते अमेरिकन शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी रुग्णांवर केलेल्या उपचारांत दिसले. १९८४ च्या अखेरीस, मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या एका महिलेला त्यांनी रिकॉम्बिनंट आयएल-२ मोठ्या मात्रेत दिले, आणि तिच्या गाठी नाहीशा झाल्या. अमेरिकेत १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या आणि १९९८ मध्ये मेलॅनोमाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी औषधाला परवानगी मिळाली. किलोमागे ६ लाख युनिट, दर आठ तासांनी. ७० किलोच्या माणसाला एका वेळी अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. या मात्रेला रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुफ्फुसांत पाणी भरते. शंभरातल्या सहा-सात जणांचा कर्करोग पूर्ण नाहीसा झाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तो वर्षानुवर्षे परत झाला नाही. बाकी बहुतेकांच्या वाट्याला नुसता त्रास आला.

असे का, याचे उत्तर उंदरांनी दिले. आयएल-२ चे जनुक काढून टाकले तर प्रतिकारशक्ती लुळी पडेल, अशी अपेक्षा होती. १९९३ मध्ये दिसले ते भलतेच: अशा उंदरांच्या आतड्यांना त्यांच्याच प्रतिकारपेशींनी सुजवून टाकले. दोन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी लगाम घालणाऱ्या टी-पेशी दाखवून दिल्या. या नियामक पेशींच्या अंगावर आयएल-२ ला पकडणाऱ्या रिसेप्टरचा अल्फा हा घटक कायम आणि भरपूर असतो. अल्फा, बीटा आणि गॅमा हे तिन्ही घटक एकत्र आले, की पकड फार घट्ट होते. शत्रूपेशींना मारणाऱ्या शिकारी टी-पेशींवर बरेचदा बीटा आणि गॅमा एवढेच असतात, आणि तिथली पकड सुमारे शंभर पटींनी सैल. म्हणजे थोडे आयएल-२ दिले, तर ते आधी लगाम धरणाऱ्या पेशींना मिळते. शिकाऱ्यांपर्यंत पोचायला पूर यावा लागतो, आणि पुरात दोघेही वाढतात. साकागुची यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

हे कळल्यावर उलट वाटही खुली झाली. २०११ मध्ये रोज जेमतेम १५ ते ३० लाख युनिट देऊन, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती शांत करण्याचे पहिले यशस्वी प्रयोग प्रसिद्ध झाले. इकडे कर्करोगासाठी टी-पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र पुढे गेले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. अशा उपचारांत रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, बदलून, वाढवून परत देतात. जगभर त्यांना वाढवण्यासाठी आयएल-२ किंवा त्याची भावंडे आयएल-७ आणि आयएल-१५ वापरतात.

आज बऱ्याच प्रयोगशाळा आयएल-२ ची नवी रूपे घडवण्यात गुंतल्या आहेत: अल्फा घटकाला न चिकटणारी, म्हणजे फक्त शिकाऱ्यांना वाढवणारी, किंवा अल्फाला अधिकच चिकटून फक्त लगामवाल्यांना वाढवणारी. वाट सोपी नाही. पहिल्या प्रकारचा मोठा उमेदवार, बेम्पेगआल्डेसल्यूकिन, २०२२ मध्ये मेलॅनोमाच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरला. या नव्या रूपांमुळे मोजणीचा प्रश्नही पुन्हा उघडला आहे. सीटीएलएल-२ पेशींवर तिन्ही घटक असतात, त्यामुळे अल्फा टाळणारे रूप त्यांच्यावर दुबळे दिसते, मग ते शिकारी पेशींवर कितीही जोमाने काम करो. म्हणून आता एकाच रक्ताच्या नमुन्यात दोन्ही प्रकारच्या मानवी पेशींना वेगवेगळ्या मात्रा देतात आणि आयएल-२ चा निरोप पेशीच्या आत पोचवणारे स्टॅट-५ हे प्रथिन किती जागे झाले, ते फ्लो सायटोमीटर या यंत्रावर एकेका पेशीत मोजतात. प्रत्येक रूपाला त्यामुळे एकाऐवजी दोन आकडे मिळतात: एक शिकाऱ्यांवरचा, एक लगामवाल्यांवरचा.