गुमास्ता मिळाला म्हणजे घरात धंद्याची परवानगी मिळाली असं नाही

सोलापुरात घरच्या घरी गणवेश शिवणारे पुष्कळ आहेत. काम वाढलं की पहिली धाव गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या दाखल्यासाठी, कारण बँक चालू खात्याला तो मागते. तो हाती आला की घरात धंदा करायला मोकळीक मिळाली असं धरलं जातं. घोटाळा इथेच होतो.

गुमास्ता कामगार खात्याचा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात छोट्या आस्थापनेला नोंदणीही लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, नमुना 'जी'मध्ये पोच येते, तोच छोट्या धंद्याचा गुमास्ता. पत्ता तुम्ही लिहिलेला. त्या जागेत तो वापर चालतो का, हा प्रश्न या कायद्याचा नाहीच.

जागेचा वापर ठरवतो महापालिकेचा नगररचना विभाग, 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार. निवासी विभागात शिलाई, भरतकाम, बटणं करणं असे घरगुती व्यवसाय चालतात. अट अशी, की काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. मोटर असेल तर एकूण भार 0.75 किलोवॅट, म्हणजे 1 एचपीच्या आत. तिथेच राहणाऱ्या डॉक्टरला बाह्यरुग्ण दवाखाना किंवा वकिलाला ऑफिस 50 चौरस मीटरपर्यंत चालतं.

मशीनच्या मोटरवरची पट्टी वाचा. 400 वॅटची क्लच मोटर असलेली दोन मशीन लावली की 800 वॅट झाले, मर्यादा संपली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात तर एकटा यंत्रमागच अनेकदा ती गाठतो.

सगळ्यात जास्त अडकवतो तो गुमास्त्याच्या अर्जातला कामगारांचा रकाना. गुमास्त्याला दोन कामगार चालतात, म्हणून लोक बिनधास्त '2' लिहितात. पण पगारी माणूस ठेवला की घरगुती व्यवसायाची सवलत राहत नाही. शेजाऱ्याने मशीनच्या आवाजाची तक्रार केली, की तोच आकडा तुमच्या सहीनिशी तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

म्हणून आधी प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला काढा, जागा निवासी की कुठल्या विभागात येते ते त्यात कळतं. काम घरगुती व्यवसायात बसत नसेल तर वापर बदलण्याआधी प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 44 खाली अर्ज करा. रस्ता रुंद असेल तर दुकानाला वाव असतो, बोळात फारसा नसतो. गुमास्ता त्यानंतर. कडक भाकरी किंवा शेंगा चटणी विकणार असाल तर अन्न नोंदणी किंवा परवाना वेगळा काढावा लागतो. गुमास्ता किंवा जागावापराची परवानगी, दोन्हींपैकी एकही त्याची जागा घेत नाही.