राजीनाम्याने चौकशी पुसली जात नाही

नौदल आणि गोवा शिपयार्ड जवळच असल्याने वास्को परिसरात संरक्षण क्षेत्रातील नोकरीची आस धरणाऱ्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: पोलिसांत गुन्हा नसला की चारित्र्य पडताळणी पार, आणि जुन्या नोकरीतील भानगड राजीनाम्याबरोबर संपते. हा समज चुकीचा आहे.

केंद्र सरकारच्या नेमणुकीपूर्वी भरायच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये, म्हणजे उमेदवाराने स्वतःच्या पूर्वेतिहासाची माहिती देण्याच्या अर्जात, अटक आणि शिक्षा यांच्यापुरतीच विचारणा नसते. आधीच्या नोकऱ्या, त्यांच्या तारखा आणि त्या सोडण्याची कारणेही लिहावी लागतात. आधीची नोकरी सरकारी असेल, तर ती सोडताना शिस्तभंगाची कारवाई चालू होती का, किंवा वर्तनाबद्दल खुलासा मागितला होता का, असा थेट प्रश्न असतो. नोकरी सोडण्याच्या कारणात ‘घरगुती अडचण’ लिहून मेमो (खुलासा मागणारे पत्र) दडवणारा उमेदवार मूळ चुकीत खोटेपणाची भर घालतो, आणि माझ्या मते बहुतेकदा ही भरच जास्त महागात पडते. माहिती दडवणे हीच अपात्रता ठरेल, असा इशारा त्याच फॉर्मवर छापलेला असतो. तो वाचतो कोण, हा भाग वेगळा.

फौजदारी प्रकरणे लपवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितले की प्रकरण क्षुल्लक असल्यास नियोक्ता दडवणुकीकडे दुर्लक्ष करू शकतो. मात्र सर्व खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार उरतोच आणि नेमणूक देणे त्याच्यावर बंधनकारक होत नाही.