‘वैमानिकाची चूक’ या शब्दांमागचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बाँबफेकी विमानांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार वारंवार घडत होता. विमान व्यवस्थित उतरायचे, धावपट्टीला चाके टेकायची, आणि मग जमिनीवर धावत असतानाच ती चाके पोटात मिटायची. यंत्रात बिघाड सापडत नसे, म्हणून अपघात वैमानिकाच्या नावावर जमा होई. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने हे प्रकरण हाती घेतले. कॉकपिट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले की चाकांचा खटका आणि फ्लॅपचा (उतरताना पंखांतून खाली येणाऱ्या पट्ट्यांचा) खटका शेजारीशेजारी आहेत आणि हाताला अगदी सारखेच लागतात. दमून परतलेला वैमानिक फ्लॅप मिटायला हात लांबवी, आणि मिटत ती चाके. सी-४७ या मालवाहू विमानात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागी होत्या. तिथले वैमानिक ही चूक करत नव्हते.

चपॅनिसने चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटे चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता न बघताही बोटांना फरक कळू लागला. आजच्या प्रवासी विमानातही चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते, त्यामागे हा इतिहास आहे. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून अशा ४६० चुकांची हकिगत गोळा केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: एक खटका समजून दुसराच ओढला गेलेला. चूक हातून घडते, पण तिची जागा बरेचदा कोणीतरी आधीच, रेखाटनाच्या टेबलावर तयार करून ठेवलेली असते. विमान अपघातांबद्दल वाचताना हे आपण फार लवकर विसरतो, असे मला वाटते.

ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारे यंत्र, त्याहून जुना. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरीने दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवले. त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला तरी जायरोस्कोपने, म्हणजे गरगरत्या चकतीच्या आधारे तोल राखणाऱ्या उपकरणाने, विमान सरळ ठेवले. १९३३ मध्ये वायली पोस्टने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तीही ऑटोपायलटच्या भरवशावर. १९६५ मध्ये प्रवासी घेऊन आलेले ट्रायडंट विमान लंडनला स्वयंचलितपणे उतरले. या यंत्रांनी उड्डाण सुरक्षित केले, याबद्दल शंका नको. लांबच्या प्रवासात तासन्‌तास एकच उंची धरून ठेवणे हे माणसाचे काम नव्हेच.

पण २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री दुसरी बाजू दिसली. ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीला उतरत असताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली केले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. या गडबडीत बहुधा कोणाचा तरी धक्का कंट्रोल कॉलमला (नाक वर-खाली करायच्या दांड्याला) लागला आणि उंची धरून ठेवणारी व्यवस्था सुटली. विमान इतके सावकाश खाली येत राहिले की बाहेरच्या अंधारात कोणाला काही जाणवले नाही. उंची बदलल्याची घंटी वाजली, ती कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत १०१ माणसे गेली. चाक व्यवस्थित खाली आलेले होते. जळाला होता तो फक्त दिवा.

या आणि पुढच्या काही अपघातांतून, विशेषतः १९७७ मध्ये टेनेरीफला दोन जम्बो जेट धावपट्टीवर आदळून ५८३ जण गेल्यावर, कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कनिष्ठाने वरिष्ठाला कसे टोकावे याचे प्रशिक्षण सुरू झाले. माणूस आणि यंत्र यांच्यातल्या संवादाचा प्रश्न मात्र बाकी राहिला. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या अभ्यासिकेने तो नेमका मांडला. सोपे काम यंत्राला दिले की माणसाकडे उरते ते सर्वांत अवघड काम, आणि तेही सराव तुटलेल्या अवस्थेत, अचानक. पुढच्या तीन दशकांतले कितीतरी तपास अहवाल वाचताना तिचेच म्हणणे आठवते.

१९८८ मध्ये एअरबस ए-३२० सेवेत आले आणि वैमानिकाच्या हाताचा हुकूम संगणकामार्फत पंखांपर्यंत जाऊ लागला. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले, ९२ जण गेले. विमान अशा मोडमध्ये (स्वयंचलित यंत्रणेच्या चालण्याच्या पद्धतीत) होते की इंजिने किमान शक्तीवर होती, आणि वेग उतरत चाललाय हे फार उशिरा लक्षात आले.

२० जानेवारी १९९२ चा फ्रान्समधला अपघात तर अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. स्ट्रासबर्गला उतरणाऱ्या ए-३२० च्या वैमानिकांना ३.३ अंशांच्या उताराने यायचे होते. उतार आणि खाली येण्याचा वेग, दोन्ही एकाच गोल बटणाने भरायचे. कोणता मोड चालू आहे त्यावर त्या आकड्याचा अर्थ ठरे. उताराच्या मोडमध्ये आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत ‘-३.३’ दिसे आणि वेगाच्या मोडमध्ये ‘-३३’, म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट. मधला एक ठिपका सोडला तर फरक नाही. तपासात सर्वांत संभाव्य ठरले ते हेच, की मोड चुकीचा होता. विमान रात्री मॉन्ट सेंट ओडिलच्या डोंगरावर आदळले, ८७ जण मेले, ९ वाचले. नंतर एअरबसने खिडकीत वेग पूर्ण चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली. चपॅनिसच्या रबरी चाकाचेच हे पुढचे रूप, फक्त मधे जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती.

एअर फ्रान्स ४४७ ची गोष्ट १ जून २००९ ची. अटलांटिकवर बर्फाने वेगमापक नळ्या तुंबल्या, आकडे जुळेनात, ऑटोपायलट सुटला. नळ्या मिनिटाभरातच मोकळ्या झाल्या. तोवर विमान हाताने चालवणाऱ्याने नाक वर ओढून ठेवले होते आणि ते सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉलमध्ये गेले, म्हणजे पंखांची उचल सुटली. स्टिक मागे ओढलेली आहे हे शेजारच्याला सहज कळत नव्हते, कारण दोघांच्या कंट्रोल स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. वेगाची नोंद फार खाली गेली की स्टॉलचा इशारा बंद पडे. त्यामुळे नाक खाली घेतले, म्हणजे योग्य तेच केले, की तो पुन्हा ओरडू लागे. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रात पडेपर्यंत साडेचार मिनिटेही नव्हती. २२८ जण गेले. या अपघाताला नुसती वैमानिकाची चूक म्हणणे मला पटत नाही. आणि चूक झालीच नाही, असेही कोणी म्हणू नये.

बोइंग ७३७ मॅक्समध्ये यंत्राने काम परत दिलेच नाही. एमकॅस नावाची प्रणाली एकाच सेन्सरच्या आकड्यावर विश्वास ठेवून विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबे, आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचे वर्णनही नव्हते. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचे १८९ जण आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात १५७ जण गेले. जगभरची मॅक्स विमाने जमिनीवर आली. आता ती प्रणाली दोन सेन्सरचे आकडे ताडून पाहते.

लायन एअरच्या त्याच विमानाने आदल्या रात्री डेनपसार ते जकार्ता उड्डाण केले होते. तेव्हाही नाक खाली दाबले जात होते. कॉकपिटमध्ये त्या दिवशी एक तिसरा वैमानिकही प्रवास करत होता. वैमानिकांनी ट्रिमची (नाकाचा कल ठरवणाऱ्या यंत्रणेची) वीज तोडणारे खटके वापरले, हाताने चाक फिरवत विमान चालवले आणि सुखरूप उतरले. कॅप्टनने देखभालीच्या वहीत वेग आणि उंचीच्या आकड्यांतल्या तफावतीची नोंद केली. स्टॉलचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम सतत थरथरत होता आणि ट्रिमची वीज तोडून उडावे लागले, हे वहीत आले नाही. सकाळी विमान दुसऱ्या वैमानिकांच्या ताब्यात गेले. त्या शेवटच्या उड्डाणात नव्या कॅप्टनने वीसहून अधिक वेळा नाक वर आणले.