लाइमवर सहा महिने अँटिबायोटिक? थांबा जरा

धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला गोचीड चावली, लाइम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार) झाला, औषध संपलं तरी थकवा आणि सांधेदुखी जाईना. लगेच सल्ले सुरू झाले: ‘जंतू लपून बसलेत, दोन-तीन अँटिबायोटिक एकत्र महिनोन्‌महिने घे, जोडीला काढा आणि चांदीचं पाणी.’

हा समज जुना आहे आणि तपासलाही गेलाय. नेदरलँड्समधल्या असाच त्रास रेंगाळलेल्या 280 रुग्णांना आधी दोन आठवडे शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. मग 12 आठवडे कुणाला डॉक्सीसायक्लिन, कुणाला क्लॅरिथ्रोमायसिन-हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोडी, कुणाला नुसती औषध नसलेली गोळी. 2016 साली निष्कर्ष आला: तिन्ही गटांत फरक नाही. त्रास खोटा नव्हे बरं, तो खराच असतो. फक्त लांबवलेल्या अँटिबायोटिकनं तो हटत नाही. उलट शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावलीत. चांदीच्या पाण्यानं कातडी कायमची निळसर-करडी पडू शकते, तेवढाच काय तो ‘गुण’.

मग जोडऔषध म्हणजे थोतांडच का? तसंही नाही. भारतात 794 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (2023) गंभीर स्क्रब टायफसला (गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा जिवाणूंचा ताप) डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन मिळून एकेकट्यापेक्षा सरस ठरलं, तेही फक्त सात दिवस.

आणि आपल्याकडची खरी काळजी तीच. 2018 च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसनं बळी घेतले होते. गवतातून फिरून आल्यावर ताप चढला, अंगावर चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर लाइमचं नाव काढू नका; त्याच दिवशी डॉक्टरला खपली दाखवा.