मिठात टेप कसा लावायचा?

आमच्या दर्यापूर तालुक्यात आठवडी बाजारात गुलाबी मीठ आलं. विकणारा सांगत होता, "सर, याच्या कणाची मांडणीच न्यारी हाय, म्हणून बीपी वाढत नाई." रंग लोहाच्या अंशाचा आहे, हे मीठ बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. मांडणी डब्यातल्या जाड्या मिठाचीच, आणि बीपीला दोन्ही सारखीच. सोडियम आणि क्लोराइड आयनांमधलं, म्हणजे मिठाच्या विद्युतभारित कणांमधलं, अंतरही तेच. ते काढायला सूक्ष्मदर्शक नको, भागाकार पुरतो.

शेजारचे भाऊ म्हणाले, "एकरी अठ्ठेचाळीसशे झाडं बसली." पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चौफुलीवर लावलेली: आडव्या-उभ्या रेघा जिथे छेदतात त्या प्रत्येक फुलीवर एक झाड. मी म्हटलं, "म्हणजे तीन फुटांवर फुली." ते चमकले, "टेप तर लावलाच नाई तुमी!" एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागिले ४,८००. एका झाडाला नऊ चौरस फूट आले, वर्गमूळ तीन.

मिठातही हेच, फक्त शेत तीन दिशांना पसरलेलं. फुलीवर एक झाड पऱ्हाटीचं, पुढचं तुरीचं, आडवं, उभं आणि वरखालीही. मिठाच्या एका मोलला, म्हणजे ५८.४४ ग्रॅमला, २७ घनसेंमी जागा लागते. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून आयन असतात दोन गुणिले ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. भागाकार केला की एका आयनाच्या वाट्याला २२.४ गुणिले १० चा उणे २४ वा घात घनसेंमी येतात. आता घनमूळ. २२.४ चं २.८२, घाताचा तिसरा हिस्सा उणे ८. सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. म्हणजे अंतर २.८२ अँगस्ट्रॉम. सोडियम ते सोडियम हवं असेल तर चौकोनाचा कर्ण घ्या, २.८२ गुणिले १.४१४, जवळपास ३.९९.

मी हे घरी करून पाहिलं. मीठ पाण्यात विरघळतं म्हणून मोजपात्रात गोडेतेल घेतलं, तेवढंच ५८.४४ ग्रॅम मीठ सोडलं, बुडबुडे निघेपर्यंत हलवत बसलो. तेल २७ ऐवजी २८ घनसेंमीने चढलं. तरी उत्तर आलं २.८५! घनमूळ चूक गिळतं: आकारमानात जवळपास चार टक्के चुकलो, अंतरात फक्त एक.

१९१३ मध्ये विल्यम ब्रॅग आणि मुलगा लॉरेन्स यांनी क्ष-किरणांनी मिठाची मांडणी उलगडली. पण किरणांची तरंगलांबीच पक्की माहीत नव्हती. मग त्यांनी घनतेवरून हेच अंतर काढलं आणि त्यानं तरंगलांबी मोजली. शेताच्या हिशेबानं टेपच तपासला म्हणा. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा लॉरेन्स २५ वर्षांचे होते.

भाऊंच्या कोठ्यात पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड खताचं, पोतं आहे. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडची मांडणी मिठासारखीच, एका मोलला, म्हणजे ७४.५५ ग्रॅमला, ३७.६ घनसेंमी लागतात. भाऊंनी मोबाईलवर आकडे टाकले, घनमूळ मी काढून दिलं: ३.१५. "पोटॅशची फुली मोठी निघाली," ते म्हणाले.