धातूचे पेन: आधी भोक, मग आकार

घरच्या छोट्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) धातूचे पेन करायला घेतले की लक्ष आधी बाहेरच्या रूपाकडे जाते. टोकाकडे निमुळते कसे करायचे, पकडीवर नर्लिंग (हात घसरू नये म्हणून उमटवलेली खरबरीत नक्षी) किती बारीक ठेवायचे, वगैरे. तो भाग खरे तर सोपा आहे. पेनाचे सगळे अवघडपण त्याच्या पोटात असते. धातूच्या जाड बॉलपेन रिफिलची लांबी सुमारे ९८ मिलीमीटर आणि जाडी जेमतेम ६ मिलीमीटर. म्हणजे तिच्यासाठी लागणारे भोक स्वतःच्या व्यासाच्या जवळपास १५ पट खोल असते. साध्या ट्विस्ट ड्रिलला तर व्यासाच्या तीन-चार पट खोलीनंतरच त्रास सुरू होतो.

ड्रिल लांब आणि बारीक असल्यामुळे लवचीक असते. टोकाच्या दोन धारांपैकी एक किंचित जास्त कापत असेल, किंवा सुरुवातच मध्यापासून जराशी ढळली असेल, तर ते वाकते. एकदा वाकले की त्याला परत सरळ आणणारे काही नसते, कारण पुढची वाट त्याला आधी पाडलेले भोकच दाखवते. म्हणून पहिला खळगा आखूड, ताठ सेंटर ड्रिलनेच पाडायचा. लेथवर ड्रिल टेलस्टॉकमध्ये (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात) स्थिर राहते आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, हाही मोठा आधार आहे. ढळण्याची चूक एकाच बाजूला साचत जात नाही.

दुसरी अडचण किसाची. भोक खोल गेले की ड्रिलच्या खाचांतून कीस वर येईनासा होतो, तिथेच दाबला जातो, घर्षण वाढते, ड्रिल तापते आणि शेवटी अडकून मोडते. दर काही मिलीमीटरला ड्रिल पूर्ण बाहेर काढायचे, कीस झटकायचा, तेल द्यायचे आणि पुन्हा आत जायचे. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

एवढी काळजी घेऊनही भोक थोडे ढळतेच. समजा, नळीची भिंत १.५ मिलीमीटर हवी होती आणि भोक ०.३ मिलीमीटरने सरकले. बाहेरचा आकार आधीच पूर्ण केला असेल, तर भिंत एका बाजूला १.२ आणि दुसऱ्या बाजूला १.८ मिलीमीटर होणार. तेच भोक आधी पाडले, त्यात घट्ट बसणारा मँड्रेल (आधाराचा दांडा) घातला आणि मग बाहेरून टर्निंग (फिरवत कापणे) केले, तर बाहेरचा पृष्ठभागच भोकाच्या अक्षाभोवती तयार होतो. भोकाला वळवता येत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाला येते. माझ्या मते पेन बनवण्यातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो यंत्र सुरू करण्याआधीच घ्यावा लागतो.

आधीच पोकळ केलेली नळी टर्निंग करताना वाकणार नाही का? इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. १० मिलीमीटर व्यासाच्या सळईत ७ मिलीमीटरचे भोक पाडले तर वजन ४९ टक्क्यांनी घटते, पण वाकण्याला होणारा विरोध फक्त २४ टक्क्यांनी कमी होतो. हा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने बहुतेक भार बाहेरचा थरच पेलतो. खरा शत्रू लांबी आहे. चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यांमधून) बाहेर आलेला भाग दुप्पट लांब झाला की वाकणे आठपट होते. पितळेची १० मिलीमीटरची भरीव सळई चकबाहेर १०० मिलीमीटर असेल आणि टूल तिच्या टोकाला २० न्यूटन बलाने ढकलत असेल, तर टोक सुमारे ०.१४ मिलीमीटर सरकते. टेलस्टॉकच्या सेंटरचा (टोकदार शंकूचा) आधार दिला तर तेवढ्याच बलाने मधला भाग ०.००४ मिलीमीटरच्या आसपास सरकतो. पस्तीस पट फरक! पातळ नळी तीन जबड्यांच्या चकमध्ये मात्र फार आवळू नये. ती किंचित तिकोनी होते, त्या अवस्थेत गोल कापली जाते, आणि चक सैल करताच पुन्हा आकार बदलते. कोलेट (सगळीकडून सारखी पकडणारी चिरलेली नळी) असेल तर तोच वापरावा.

धातू कोणता? १३० मिलीमीटर लांबीची अशी नळी पितळेची केली तर सुमारे ४४ ग्रॅम भरते, टायटॅनियमची २३ आणि अ‍ॅल्युमिनियमची १४. सुरुवात पितळेपासूनच करावी असे मी म्हणेन. लेथसाठीच्या पितळेत साधारण ३ टक्के शिसे असते. ते पितळेत विरघळत नाही, सूक्ष्म थेंबांच्या रूपात राहते आणि कीस बारीक तुटत जातो. (काम झाल्यावर हात धुवायलाच हवेत.) पितळेला हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला ६० मीटर हा वेग चालतो; १२ मिलीमीटरच्या सळईसाठी ते मिनिटाला १६०० फेरे होतात. टायटॅनियमला ४०० च्या आसपास थांबावे लागते. त्याच्या प्रचलित मिश्रधातूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पितळेच्या पंधराव्या हिश्शाइतकीच असल्याने सगळी आच टूलच्या धारेवर जमते. त्याचा बारीक कीस पेटूही शकतो, आणि अशा आगीवर पाणी टाकायचे नसते. कोरडी वाळू जवळ ठेवावी.

पेनाचे भाग जोडणारे आटे बारीक पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) घ्यावेत. ८ मिलीमीटरच्या नेहमीच्या १.२५ पिचच्या आट्यांची खोली ०.७७ मिलीमीटर, म्हणजे दीड मिलीमीटरच्या भिंतीचा निम्मा भाग गेलाच. ०.७५ पिच घेतला तर ०.४६ मध्ये भागते.

शेवटच्या कापात चकाकी हवी असेल तर फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल पुढे सरकण्याचे अंतर, कमी करावे. टूल पुढे सरकताना मागे राहणाऱ्या सूक्ष्म वरंब्यांची उंची फीडच्या वर्गाला टूलच्या टोकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागून मिळते. त्रिज्या ०.४ मिलीमीटर आणि फीड दर फेऱ्याला ०.१ मिलीमीटर असेल तर हे वरंबे ३ मायक्रॉनचे. फीड निम्मे केले की एक मायक्रॉनच्याही खाली. मग पॉलिश पेपरला फारसे काम उरत नाही. तो वापरताना पट्टी फिरत्या जॉबभोवती कधीही गुंडाळू नये, दोन्ही टोके हातात सुटी धरावीत, आणि हातमोजे तर घालूच नयेत. फिरत्या जॉबने मोजा पकडला, तर त्यासोबत बोटेही ओढली जातात.