डॉसचे जुने खेळ नव्या संगणकावर बिनसतात कुठे?

आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांनी ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे खेळ ऑफिसच्या पीसीवर, साहेब जागेवर नसताना खेळून काढले. निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, पण ओढ त्याच खेळांची असते. नव्या खेळांचा झगमगाट त्यांना भुलवत नाही. मग घरातलं कुणीतरी तो खेळ शोधून लॅपटॉपवर लावून देतं आणि दोन मिनिटांत तक्रार येते, ‘हा तसा चालत नाही.’ ही तक्रार वयाच्या खात्यावर टाकू नये. बोटांना एकदा लागलेला ताल सहसा विसरला जात नाही, आणि बहुतेक वेळा खेळ खरोखरच वेगळा चालत असतो. डॉस ही विंडोजच्या आधीची, पीसी चालवणारी प्रणाली. तिच्यावरचा खेळ लिहिणाऱ्यानं ठरावीक घड्याळ, ठरावीक पडदा आणि ठरावीक आवाज धरून लिहिलेला असतो. ती गृहीतकं एकेक करून परत द्यावी लागतात.

सुरुवात घड्याळापासून करावी, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. १९८१ सालच्या मूळ आयबीएम पीसीच्या बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच मुख्य क्वार्ट्झ स्फटिक होता. हा विचित्र आकडा अमेरिकी रंगीत टीव्हीमुळे आला. तिथल्या रंगसंकेताची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, तिची ही चौपट. पीसी घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून तीच धरली गेली. तिला ३ ने भागलं की ४.७७ मेगाहर्ट्झ मिळतात, त्यावर ८०८८ हा प्रोसेसर चालायचा. १२ ने भागलं की ११,९३,१८२ हर्ट्झ मिळतात, त्यावर टायमर चिप चालायची. ही चिप ६५,५३६ आकडे मोजून झाले की एक टिक देते, म्हणजे सेकंदाला साधारण १८.२ टिक. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा असूनही इथल्या पीसी-एक्सटीच्या (मूळ पीसीनंतरच्या मॉडेलच्या) पोटात हाच अमेरिकी आकडा धडधडत होता.

खेळातल्या माणसानं पाऊल टाकल्यावर पुढच्या पावलाआधी क्षणभर थांबायचं असेल, तर प्रोग्रॅमरकडे दोन वाटा होत्या. एक, टायमरला विचारायचं. दुसरी, प्रोसेसरला निरर्थक आकडे मोजायला बसवायचं. दुसरी वाट सोपी होती. ८०८८ वर ‘लूप’ या सूचनेला १७ क्लॉक (घड्याळाचे ठोके) लागतात, तेव्हा ६५,५३६ फेऱ्या मोजायला सुमारे ०.२३ सेकंद जायचा. आजचा गिगाहर्ट्झमधला प्रोसेसर तेवढंच काम सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उरकतो. मग राक्षस दिसायच्या आधीच तुम्हाला खाऊन मोकळा होतो.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पहिल्या वाटेचा खेळ. जॉर्डन मेक्नरनं तो १९८९ साली ॲपल-२ या संगणकासाठी काढला आणि डॉसची आवृत्ती १९९० मध्ये आली. धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं, म्हणून त्या राजपुत्राच्या हालचाली इतक्या खऱ्या वाटतात. त्याची गती टायमरला बांधलेली असल्यामुळे वेगवान यंत्रावरही तो पळत सुटत नाही. उलट त्याच वर्षीचा ‘विंग कमांडर’ यंत्र जितकं वेगवान तितका सुसाट जातो, आणि नंतरच्या पेंटियम प्रोसेसरवर त्यातली लढाई हाताबाहेर जाते. जुन्या कॅबिनेटवरचं टर्बो बटण याचसाठी होतं. नाव टर्बो असलं, तरी त्याचा खरा उपयोग ते बंद करून यंत्र हळू करण्यात होता.

टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या काही खेळांची आणखी एक गंमत आहे. सुरू होताना ते ५५ मिलिसेकंदांच्या एका टिकमध्ये किती फेऱ्या होतात ते मोजतात आणि त्या संख्येला ५५ ने भागतात. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे उत्तर १६ बिटांत मावत नाही, आणि खेळ ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतो. अर्थ ‘शून्यानं भागाकार’ असा दाखवला जातो, पण शून्याचा इथे काही संबंध नसतो. फाइल खराब आहे असं समजून ती पुन्हा पुन्हा उतरवून घेण्यात काही हशील नाही. यंत्र हळू केलं की काम झालं.

आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर हे खेळ थेट चालतच नाहीत. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की ८०८६ ची नक्कल करायची त्याची जुनी सोय उपलब्ध राहत नाही. म्हणून ‘डॉसबॉक्स’सारखा एम्युलेटर लागतो. हा मोफत प्रोग्रॅम अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. सी ड्राइव्हवर ‘खेळ’ किंवा तत्सम नावाचा एक फोल्डर करावा (प्रत्यक्षात नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत आणि मोकळी जागा न सोडता, डॉसला लांब नावं कळत नाहीत), डॉसबॉक्समध्ये ‘माउंट’ आज्ञेनं तो सी ड्राइव्ह म्हणून जोडावा आणि आत जाऊन खेळाची फाइल चालवावी. पूर्ण सी ड्राइव्ह माउंट करू नये. चुकून दिलेली डिलीटची आज्ञा खऱ्या फाइलींवर चालते.

गतीसाठी डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन (सेटिंगच्या) फाइलमधली ‘सायकल्स’, म्हणजे यंत्राच्या वेगाची, ओळ बघावी. तिथे ‘ऑटो’ असतं, त्याऐवजी ‘फिक्स्ड’ आणि आकडा लिहावा. एक्सटीसाठी २५० ते ३००, १२ मेगाहर्ट्झच्या २८६ प्रोसेसरसाठी १५०० च्या आसपास, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ साठी सुमारे ६०००, ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ साठी सुमारे २४,०००. हे आकडे अंदाजी आहेत. खेळ चालू असताना कंट्रोल-एफ११ नं गती कमी आणि कंट्रोल-एफ१२ नं जास्त करत खेळणाऱ्यालाच ठरवू द्यावं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते, हे न कळल्यामुळे ‘कळा चालतच नाहीत’ असं वाटतं. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: टायमरवर चालणारा खेळ सायकल्स कमी करून सावकाश होत नाही, तो आधी तसाच चालतो आणि मग अडखळायला लागतो. ‘प्रिन्स’च्या साठ मिनिटांत हात पुरत नसतील तर डॉस आवृत्ती १.० ‘प्रिन्स मेगाहिट’ अशा आज्ञेनं सुरू करावी आणि अधिकची कळ दाबून मिनिटं वाढवावीत. १.३ आणि १.४ या आवृत्त्यांत ‘मेगाहिट’च्या जागी ‘इम्प्रूव्ह्ड’ लिहावं लागतं. सत्तरीत याला लबाडी म्हणणारा माणूस अरसिक समजावा.

याच खेळात पहिली पातळी संपल्यावर बाटल्यांची एक खोली येते. छापील पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं ते विचारतात आणि त्या अक्षराची बाटली प्यावी लागते. कॉपी करणाऱ्यांना अडवायची ही युक्ती. पुस्तिका नसेल तर खेळ इथे अडतो, तेव्हा आवृत्ती घेतानाच सोबत पुस्तिका आहे का ते बघावं. तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल-जी नं खेळ साठवता येतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

गती जमली तरी हात अडतात ते कीबोर्डवर. राजपुत्राला जपून एकेक पाऊल टाकायला किंवा कडा धरून लोंबकळायला शिफ्ट दाबावी लागते, आणि विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली की ‘स्टिकी कीज’ची खिडकी मध्ये टपकते, नेमकी खिळ्यांच्या तोंडाशी. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करावा. लॅपटॉपच्या अर्ध्या उंचीच्या बाणकळा सांधे दुखणाऱ्या बोटांना नकोशा होतात. नंबर पॅड असलेला, वायरचा, पूर्ण आकाराचा कीबोर्ड घ्यावा. स्वस्त कीबोर्डात तारांची जाळी अशी असते की काही ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. उडी मारताना कडा पकडलीच जात नसेल तर संशय इथे घ्यावा आणि कंट्रोल-एफ१ नं डॉसबॉक्सचा मॅपर (कळांची कामं बदलायची खिडकी) उघडून ते काम दुसऱ्या कळेला द्यावं. पडदा म्हणून टीव्ही वापरत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा. एरवी चित्र सजवण्यात टीव्ही वेळ घालवतो आणि कळ दाबल्यावर उडी उशिरा दिसते.

चित्राचं गणित सोपं, पण हमखास चुकणारं. तेव्हाचे बहुतेक खेळ आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके वापरायचे, आणि ते ४:३ च्या काचेवर पसरायचे. त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच असायचा. आजच्या पडद्याचे ठिपके चौकोनी, म्हणून गोल चेंडू चपटा होतो आणि माणसं बुटकी दिसतात. कॉन्फिगरेशनमध्ये ‘ॲस्पेक्ट’ची ओळ ‘ट्रू’ करावी. सगळ्यात स्वच्छ चित्र १६०० बाय १२०० वर मिळतं, कारण ३२० ची बरोबर पाचपट आणि २०० ची बरोबर सहापट तिथे बसते. १०८० रेषांच्या पडद्यावर चित्र १४४० बाय १०८० होतं, पटी पूर्णांकात येत नाहीत आणि काही ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जाड दिसतात. तेव्हाच्या व्हीजीए या चित्र-कार्डाचा पडदा सेकंदाला ७० वेळा रंगायचा, आजचा बहुधा ६० वेळा, म्हणून सरकणारी पार्श्वभूमी किंचित हिसके देते.

ज्यांनी चार रंगांच्या सीजीए कार्डावर किंवा एकरंगी हर्क्युलिस पडद्यावर खेळ पाहिला, त्यांना २५६ रंगांची आवृत्ती परकी वाटू शकते. ‘मशीन’ या ओळीत सीजीए किंवा हर्क्युलिस लिहिलं की त्या कार्डांना ओळखणारा खेळ जुन्या रूपात उघडतो.

आवाजाचंही तसंच. पीसी स्पीकर एका वेळी एकच सूर काढायचा. ११,९३,१८२ ला २,७१२ ने भागलं की ४४० हर्ट्झचा सूर मिळतो, एवढंच त्याचं संगीतशास्त्र. डॉसबॉक्स मात्र आपणहून साउंड ब्लास्टर हे ध्वनी-कार्ड पुरवतो, आणि आयुष्यभर टूं-टूं ऐकलेल्या माणसाला भरजरी संगीत ऐकू येतं. त्याला टूं-टूंच हवी असेल तर साउंड ब्लास्टर आणि त्याच्या खालची ‘ओपीएल’ ही ओळ, दोन्ही ‘नन’ करावीत. उलट, साउंड ब्लास्टर हवा असून खेळ एकच आवाज अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा काढत असेल, तर खेळाच्या सेटअपमध्ये आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या तारेचा क्रमांक) चुकलेला असतो. पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, हे डॉसबॉक्सचे मूळ आकडे तिथे द्यावेत.

कपाटातल्या जुन्या फ्लॉप्या हा मात्र जोखमीचा विषय. साडेतीन इंची फ्लॉपीत ८० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे), २ बाजू, १८ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आणि प्रत्येकी ५१२ बाइट, मिळून १४,७४,५६० बाइट बसतात. प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर चुंबकीय कणांचा लेप असतो आणि मिनिटाला ३०० फेरे घेताना ड्राइव्हचं हेड त्या लेपाला चक्क टेकलेलं असतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवा दमट राहते आणि लेपावर बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड बुरशीबरोबर लेपही खरवडतं, आणि हेडला चिकटलेला तो कचरा पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतो. म्हणून आधी सरकती पत्र्याची झडप उघडून, मधली चकती बोटानं फिरवत, तिरप्या उजेडात दोन्ही बाजू बघाव्यात. पांढरे-करडे डाग दिसले तर ती बाजूला ठेवावी.

साफ करताना मास्क घालावा आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं. कापसाची काडी जेमतेम ओली करून खिडकीतून हलक्या हातानं फिरवावी, काडी दर फेरीला बदलावी. काडीवर तपकिरी रंग उतरू लागला तर लगेच थांबावं; तो लेप निघतो आहे. पूर्ण वाळल्याशिवाय फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये आणि प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड पुसावं. वाचायच्या आधी राइट-प्रोटेक्ट करावं: साडेतीन इंचीत कोपऱ्यातलं भोक उघडं ठेवायचं, सव्वापाच इंचीत बाजूची खाच चिकटपट्टीनं झाकायची. दोघींची रीत उलटी आहे आणि इथे हमखास गफलत होते.

फाइली एकेक कॉपी करण्यापेक्षा पूर्ण चकतीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल असलेली एकच फाइल, घ्यावी. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतो, आणि कॉपी-संरक्षणासाठी मुद्दाम वाकडे लिहिलेले सेक्टर त्याला झेपत नाहीत. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह, त्याला ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा, आणि ‘ग्रीसवीझल’सारखं छोटं बोर्ड लागतं. ते बाइट वाचत बसत नाही, चुंबकीय दिशा कुठे कुठे पालटते त्याच्या वेळा नोंदवून घेते, आणि अशा काही फेऱ्यांवरून कमजोर भाग नंतर निवांत उलगडता येतो. १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचायला हरकत नाही, पण तिच्यावर लिहू नये. त्याचं हेड अरुंद असल्यामुळे जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी लिहिली जाते, कडेला आधीचं उरतं आणि मूळ ड्राइव्हला दोन्हींची सरमिसळ वाचायला मिळते.

स्वतःच्या मालकीच्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावापुरती प्रत काढायला भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात मुभा आहे. खेळ बाजारातून गेला म्हणून त्यावरचा हक्क मात्र संपत नाही. ज्यांच्याकडे फ्लॉपीच उरलेली नाही त्यांना इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून हजारो डॉस खेळ ब्राउझरमध्येच चालवता येतात. तिथे कळ दाबणं आणि हालचाल दिसणं यांत जरा जास्त अंतर पडतं, शिवाय ब्राउझर कंट्रोलच्या काही जोड्या स्वतःकडे ओढतो. ‘डेव्ह’मध्ये बंदूक कंट्रोलवर आहे, तेव्हा ब्राउझरमध्ये ती झाडताना सोबत डब्ल्यूचं अक्षर दाबलं जाणार नाही एवढं बघावं, नाहीतर तो टॅबच मिटतो.